खोक्यात किती वड्या

मेहुण्याने त्याचं नाव खोकेशास्त्री ठेवलं होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तो पाठवणीचा कारकून. सपाट खोक्यांचे गठ्ठे ट्रकमध्ये चढताना मोजायचे आणि कोणत्या कंपनीला किती गेले ते लिहायचं, हे त्याचं काम. ज्या कंपनीची खोकी वाढली तिचा माल खपतोय, असा त्याचा सिद्धांत. त्यावरच त्याने अकरा कंपन्यांचे शेअर निवडले होते. पैसे बायकोचे आणि खातंही तिच्याच नावावर. तिचं किराणा दुकान भाड्याच्या गाळ्यात होतं. मालक गाळा विकणार होता; तिला त्याने महिनाअखेरची मुदत दिली होती. शेअर विकून गाळा घ्यायचा आणि मधेच अडकणारं शटर बदलायचं, असं ठरलं होतं.

पण त्यातल्या साबणाच्या कंपनीने त्याची झोप उडवली. तीन महिन्यांत तिचे गठ्ठे दुप्पट झाले होते. गेल्या आठवड्यात त्याने पाच कंपन्या विकून पैसे साबणात घातले. बायकोने नेहमीप्रमाणे काही न विचारता ओटीपी सांगितला होता.

उद्या साबणवाल्यांचे तिमाही निकाल. सकाळपासून त्याचं बूड एका जागी टिकेना. दोनदा गठ्ठे चुकले. शेवटी दात दुखतोय असं सांगून तो निघाला आणि थेट दुकानात आला. बायको पाठमोरी बसून नवा माल उघडत होती.

"अहो, आत्ता कसे?"

"ओटीपी येईल, तो सांग. उरलेल्या पाच विकतो. सगळं साबणात."

तिचा हात थांबला. "उरलेल्या पाच? अकरा होत्या ना?"

"पाच मागेच काढल्या."

"पाव किलो मिरच्यांना चार ठिकाणी भाव विचारता," ती म्हणाली, "आणि माझा गाळा एका साबणावर?"

"बाकीच्या भीतीपोटी घेतल्या होत्या. ही अकलेने घेतली. गठ्ठे दुप्पट झालेत, मी स्वतः मोजलेत."

तो स्टुलावर बसला, उठला, परत बसला. त्याने मोबाइलवर बटण दाबलं आणि तिचा फोन वाजला.

"चार, सात..." ती वाचू लागली. दुसऱ्या हाताने ती खोक्यातून साबण काढत होती आणि सवयीने तो मोजत होता. बाराव्या जोडीला खोक्याचा तळ दिसला.

"यात किती वड्या?"

"चोवीस."

"अठ्ठेचाळीस असायच्या ना?"

"त्या मोठ्या खोक्यात. उचलताना कंबर जायची. आता निम्मं केलंय, बरं झालं."

त्याने खोकं उलटं केलं. तळाला त्याच्याच कारखान्याचा शिक्का. भरलेलं खोकं त्याने पंधरा वर्षांत कधी निरखून पाहिलं नव्हतं. गठ्ठे लहान झाल्याचं दिसलं होतं. ट्रकमध्ये जास्त मावतात म्हणून तो खूशही झाला होता. साबण तेवढाच होता. खोकी दुप्पट झाली होती.

"पुढचे आकडे सांगू ना?"

"नको."

"ओटीपीची मुदत संपेल."

"संपू दे. दुसरा मागवतो. साबण विकायला." बाजार बंद व्हायला अठ्ठावीस मिनिटं होती.

"भाव पडलाय?"

"थोडा. गाळ्यापुरते निघतील." त्याने स्क्रीन शर्टाला पुसला. "शटरचे नाही."

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने आकडे वाचले नाहीत.

"आधी काय विकताय ते मोठ्याने वाचा," ती म्हणाली.

त्याने कंपनीचं नाव वाचलं, शेअर किती ते वाचलं, भाव वाचला. मग ती एकेक आकडा सांगू लागली.