पात्याच्या मुळाशी ठिपका

तुटलेल्या पात्याच्या मुळाशी दीड मिलिमीटरचा एक खड्डा होता, आणि त्यातूनच शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा पसरत गेल्या होत्या; तडा तिथूनच सुरू झाला होता. तिने भिंग खाली ठेवलं.

चार महिन्यांतला हा तिसरा पंखा. धाकट्या भावाच्या मासेमारीच्या बोटीचा. मागे दीडशे घोड्यांच्या ताकदीचं इंजिन. दरवेळी एक पातं मुळाशीच तुटायचं. दगड लागत असेल म्हणून त्यांनी तळ्याची खोली मोजली. पंख्याचा दांडा वाकला असेल म्हणून तो खोलून फिरवून पाहिला. इंजिन इंचभर खाली बसवलं. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या वेळी पातं उडालं तेव्हा भरवेगातली बोट कलंडली आणि भावाच्या दोन बरगड्या मोडल्या.

हा खड्डा त्याही पात्यावर होता. तिने पाहिला होता आणि तोंडाला कुलूप लावलं होतं.

कारण तो खड्डा बाबांचा. दुकानात नवा पंखा आला की बाबा त्याला टिचकी मारून कान देत. आवाज पटला की मधल्या जाड गाभ्यावर टोकदार लोखंडी पंच टेकवून हातोडीचा एकच ठोका. "आमची खूण असली की डोळे मिटून जा," असं चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलेलं. आता गिऱ्हाइकं उरली नव्हती, फक्त मुलाचे पंखे होते, आणि डोळे बाबांचेच मिटत चालले होते. ठोका गाभ्यावरून सरकून नेमका तिथे पडायचा, जिथे पात्यावर सगळा ताण येतो.

"झाली का शास्त्रज्ञबाईंची तपासणी?" धक्क्यावरून भाऊ म्हणाला. "की पंख्याची पत्रिका मांडतेयस?"

ती दुकानातून बाहेर आली. चौथा पंखा बसवून झाला होता. बोटीच्या पुढच्या सीटवर सात वर्षांची भाची पाय हलवत बसली होती. बाबा फडक्याने पंच पुसत होते.

"खूण कुठे केलीत, बाबा?"

"जिथे करतो तिथेच."

इंजिन अजून पाण्याबाहेर उचललेलं होतं. तिने गुडघे टेकून पात्याच्या मुळावरून बोट फिरवलं. खड्डा लागला. ताजा, कडा अजून टोचणाऱ्या.

"ताई, हात काढ. इंजिन खाली घेतोय."

"पोरीचा बापावर भरवसा नाही," बाबा हसले.

तिने हात काढला नाही.

"आधी छकुलीला खाली उतरव," ती भावाला म्हणाली. मग बाबांकडे वळली. "पाती तुमच्या खुणेपासून तुटतायत, बाबा. तुम्हाला दिसत नाही. तो पंच माझ्याकडे द्या. यापुढे खूण करायची नाही."