सातव्या फेरीआधी

आशाने कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यांना वळसा घातला आणि पाचवी फेरी पुरी केली. रस्त्यापलीकडे गाडीत बसलेल्या मिलिंदने थर्मास वर धरून नवऱ्याच्या हक्काने खूण केली, चहा तरी घे. तिने मान हलवली आणि ओठ घट्ट मिटून पुढे चालू लागली.

बायबलातल्या यरीहो शहराचा तट कसा पडला हे तिला तोंडपाठ होतं. नगरच्या संडे स्कूलमध्ये ती ते शिकली होती, पुढे लंडनजवळच्या इल्फर्डच्या पोरांना तिनेच शिकवलं होतं. तट पाडायला इस्राएल लोकांनी साधी कुदळ उचलली नाही. सहा दिवस रोज एकदा आणि सातव्या दिवशी सात वेळा ते शहराभोवती फिरले. सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, ही त्यांचा पुढारी यहोशवा याची आज्ञा. मग सगळ्यांनी एकदम गजर केला, आणि तट परमेश्वराने पाडला.

केंब्रिजमधलं तनूचं घर यरीहोपेक्षा अवघड निघालं. लेकीचं घर रांगेतलं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. त्याला फेरी घालायची तर मागच्या बोळातून बाराच्या बारा घरांना वेढा घालावा लागे. “बाकीच्या अकरांनी काय पाप केलंय?” मिलिंदने पहिल्या दिवशी विचारलं होतं. तरी आठवडाभर रजा टाकून रोज गाडी तोच चालवत होता. आज सातवा दिवस होता.

दीड वर्ष तनू आईशी बोलत नव्हती. तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ पडला, ते तिने फक्त आईला सांगितलं होतं. आशाने ते प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकलं. हेतू वाईट नव्हता, चार माणसांनी लेकीसाठी गुडघे टेकावेत एवढंच तिच्या मनात होतं. आठवडा झाला नाही तोच नगरहून आशाच्या मामेबहिणीने सांत्वन करायला तनूला फोन लावला. त्यानंतर आशाचे फोन उचलले गेले नाहीत, पाठवलेले डबे तसेच परत आले. जिभेने घालवलेली लेक आता जीभ आवरूनच परत मिळेल, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

सहावी फेरी पुरी करून ती घरासमोर आली तेव्हा तनू उंबऱ्यात उभी होती. पायांत जाड मोजे, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. किती वाळली होती पोर.

“आई, मी रोज बघते वरून,” तनू तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. “तू असा का चालते?”

आशा थांबली.

“इट्स फ्रीझिंग. आत ये. मी चहा करते.”

आशाचे डोळे भरून आले. एकच फेरी उरली होती. देव स्वतः दार उघडतोय, आता आपण घाई करून ते बिघडवायचं नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट वर करून दाखवलं. एक, फक्त एक.

तनू त्या बोटाकडे बघत राहिली.

“तू मला गप्प करते?”

आशाने जोरजोरात मान हलवली, हाताने हवेत गोल काढून दाखवला. गाडीची काच खाली आली.

“आशा, बोल तिच्याशी,” मिलिंद म्हणाला. “अगं, बोल.”

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात जोडून तिने तनूला थांबायची विनवणी केली आणि जवळजवळ धावतच निघाली. गुडघे ठणकत होते. बोळात कुणाच्या तरी सायकलीत कोट अडकला, तो तिने तसाच ओढून सोडवला. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

रांगेला वळसा घालून ती समोर आली तेव्हा दार लागलेलं होतं.

आता बोलायची मुभा होती. तिने सगळा श्वास गोळा करून लेकीला हाक मारली. पुन्हा मारली. वरच्या खिडकीचा पडदा ओढला गेला. तिसऱ्या हाकेला शेजारचं दार उघडलं आणि एक म्हातारी इंग्रज बाई, काही मदत हवी आहे का, म्हणून मायेने विचारू लागली.

“नो, थँक यू,” आशा म्हणाली.

मिलिंद रस्ता ओलांडून तिच्याजवळ आला होता. ती बंद दाराकडेच बघत होती.

“थांबली होती का रे ती?”

“हो,” तो म्हणाला. “तू कोपरा वळेपर्यंत.”