नथ पोटात घेतलेला डोंगर

परदेशी, बुकित पंजांगमधल्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, घराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये निशिकांत दर दिवाळीत मातीचा किल्ला करायचा आणि मराठी मंडळाच्या स्पर्धेत दर वर्षी दुसरा यायचा. यंदा त्यानं ठरवलं, गड-बुरूज पुरे झाले. यंदा रोमन लोकांची सोन्याची खाण.

ते लोक म्हणे लांबून पाट काढून पाणी डोंगरमाथ्यावर साठवायचे, डोंगराच्या पोटात बोगदे खणायचे आणि पाणी एकदम सोडायचे. डोंगर फुटायचा, सोनं वाहून खाली यायचं, मागे उरायचे नुसते लाल सुळके. परीक्षकांच्या डोळ्यांदेखत डोंगर पाडायचा, या कल्पनेनंच निशिकांतला भरून यायचं.

सोनं मात्र खरं हवं. बायकोची, म्हणजे चित्राची, तिच्या आईनं दिलेली नथ त्यानं डोंगराच्या पोटात ठेवली. वाहून पायथ्याच्या ताटात येईल, असा बेत. चित्राला विचारायचं तेवढं राहून गेलं.

परीक्षक दीनानाथराव आले. निशिकांतनं माथ्यावरच्या डब्याचं बूच काढलं. पाणी बोगद्यात शिरलं, दुसरीकडून शहाण्यासारखं बाहेर आलं आणि लिफ्टच्या दिशेनं निघून गेलं. डोंगर जागचा हलला नाही.

आता हा निशिकांत जुरोंग आयलंडवरच्या तेल-कारखान्यांत पाइपलाइनी तपासतो. काही गळू नये, काही फुटू नये, याचाच त्याला पगार मिळतो. फुटण्यासाठी बांधलेल्या डोंगरातही त्यानं सवयीनं सिमेंट घातलं होतं, आतून तारेची जाळीसुद्धा. हाताच्या सवयीला कोण काय करणार!

"वा!" दीनानाथराव म्हणाले. "इतका मजबूत किल्ला आजवर पाहिला नाही. पहिला नंबर! वर्षभर मंडळात ठेवू. आता हात लावू नका."

निशिकांतनं त्यांचा हात धरून जोरजोरात हलवला. तेवढ्यात चित्रा दारात आली.

"अहो, माझी नथ कुठंय? लक्ष्मीपूजनाला घालायचीय."

निशिकांतनं डोंगराकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर चित्राला तेवढं पुरलं. ती आत गेली आणि बत्ता घेऊन आली.

"तुम्ही फोडता की मी?"

त्यानं डोळे मिटून पहिला घाव घातला.

"अहो, हे काय?" दीनानाथराव ओरडले.

"आत सोनं आहे," चित्रा म्हणाली.

दीनानाथरावांनी बाह्या सरसावल्या. शेजारच्या लिम आंटी डोकावल्या, "रिअल गोल्ड, आह?" म्हणाल्या आणि कढई घेऊनच बाहेर पडल्या. खालच्या मजल्यावरून कोणी गाळणं आणलं, कोणी खुरपं.

"सापडली!" निशिकांतनं चिखलानं माखलेली नथ उंच धरली. "थांबा सगळे!"

कोणी थांबलं नाही.

"अजून असेल," दीनानाथराव बोगद्यात कोपरापर्यंत हात घालून म्हणाले.

"अहो, मीच ठेवली होती! एकच!"

"तुम्हाला काय ठाऊक? डोंगर आहे हा."

निशिकांत शेवटच्या सुळक्याला मिठी मारून बसला. त्याला खरंच रडू येत होतं. "चित्रा, तू तरी सांग ना यांना!"

चित्रानं नथ पुसली, नाकात घातली, मोबाइलमध्ये बघून नीट केली. मग पदर खोचून त्याच्या शेजारी बसली.

"सरका जरा," ती म्हणाली. "तुमच्या मागचा भाग राहिलाय."