टेबलावरचा स्वयंपाक

शेगडी बंद पडली तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस हातचा गेला.

माणूस म्हणजे आमचे हे. पोटाच्या ऑपरेशननंतर घरी आले ते अन्नावर रुसूनच. दोन घास खायचे आणि ताट पुढे सरकवायचं. जन्मभर शिवणयंत्रावर बसून लोकांच्या कमरा मापल्या, आता स्वतःचीच पँट दोरीने बांधायची वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या खेपेला वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. हे नळीला यमापेक्षा भितात. मीही भिते, पण ते कुणाला सांगते थोडीच.

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? मऊ केलं, पातळ केलं, आंबट केलं, अळणी केलं. शेगडीपाशी उभी राहून एकेक गरम गरम बाहेर धाडत होते. आमच्या घरची रीतच ती. करणारीने शेगडी सोडायची नाही. सगळ्यांची जेवणं झाली की आपलं वाढून घ्यायचं आणि तिथेच ओट्याला टेकून खायचं. माझ्या सासूने तेच केलं, मीही तेच. त्यात मला कमीपणा कधी वाटला नाही. उलट ती जागा म्हणजे माझी गादी, तिथे मी सुनेलाही पाय ठेवू देत नव्हते.

अशात भिंतीतला गॅसचा पाइप गळायला लागला. गॅसवाले आले, लाइन बंद केली, भिंत फोडली, शेगडी उचलून गॅलरीत ठेवली आणि येतो म्हणून गेले. गेले ते गेलेच.

मुलगा म्हणाला, खानावळीचा डबा लावू. मी म्हटलं, बापाला तिथलं तेल-तिखट चारून लवकर मोकळं व्हायचंय का? तो गप्प बसला. मुलगा गप्प बसला की विषय संपतो. सून गप्प बसली की समजावं, हिच्या डोक्यात काहीतरी चाललंय.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. संध्याकाळी आली ती मैत्रिणीकडून विजेचा भातकुकर मागून घेऊन. माळ्यावरून सँडविचचं यंत्र काढलं, केटल घासली. मी म्हटलं, भातुकली मांडलीस का?

"आई, भूक लागली की भातुकलीही गोड लागते."

उलट उत्तर देते, तेवढं एक आवडतं मला तिचं. तोंडावर म्हणत नाही.

स्वयंपाकघरात तर भिंतीतून तारा लोंबत होत्या. जाड पिनेचा सॉकेट बाहेरच्या खोलीत, जेवायच्या टेबलाशेजारी. तिथेच सगळं मांडलं. एका वेळी एकच यंत्र लावायचं, असं तिने बजावलं होतं. मी कुठली ऐकते? भात होतोय तोवर पाणी तापेल म्हणून केटलही लावली. खट्कन सगळं घर अंधारात. मुलगा मेणबत्ती शोधत खुर्च्यांना धडकत फिरला आणि हे अंधारात बसून हसले. पोट धरून, टाके सांभाळत हसले.

त्यानंतर मी शिस्तीत आले. केटलचं उकळतं पाणी कुकरात ओतायचं, म्हणजे भात लवकर होतो. भात झाला की कुकरची पिन काढून सँडविचच्या यंत्राची लावायची, त्यात बटाट्याच्या चकत्या, वर अंडं फोडून झाकण. पण त्यात एका वेळी दोनच चौकोन होतात आणि जरा उठलं की करपतात. म्हणजे टेबलाशी बसूनच राहायचं. सुनेने माझ्यापुढे ताट ठेवलं. मी ते बाजूला सारलं. तिने परत ठेवलं. म्हणाली, इथे ओटा नाही, टेकणार कशाला?

झाकण उघडलं. एक चौकोन ह्यांच्या ताटात टाकला, दुसरा माझ्या. मी खायला लागले. ह्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, मग आपला घास उचलला. सगळा चौकोन संपवला. वर भात घेतला. मग म्हणाले, आणखी एक लाव. मी मान खाली घालून लावला. वर बघितलं असतं तर पोरांना माझे डोळे दिसले असते.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी ह्यांना काट्यावर उभं केलं. काटा वर सरकला होता. नळीचं नाव निघालं नाही. बाई विचारत होत्या, काय बदललं? मी म्हटलं, तुमचंच औषध लागू पडलं. शिकलेल्या माणसाचा मान ठेवावा.

परत येताना गाडीत मी ह्यांना विचारलं, माझ्याच हातचं आधी जात नव्हतं, ते आता कसं जातं?

"आत तू उभी, पोरं कामावर, बाहेर मी एकटा. आजारी माणसाला घास उतरायला समोर कुणी जेवणारं लागतं गं."

"मग बोलायचं नाही का?"

"शेगडीपुढून तुला उठवायची छाती कुणाची होती?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मनात त्या पोरीचे उपकार मानत बसले. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिने मला बरोबर जागेवर बसवलं होतं.

शेवटी एकदाचे गॅसवाले उगवले. शेगडी बसवून पेटवून दाखवली. मुलगा म्हणाला, सुटलीस आई, आणि टेबलावरची यंत्रं गोळा करायला लागला. सून काहीच बोलली नाही.

मी त्याला म्हटलं, "ठेव ते." मग सुनेला म्हटलं, "मैत्रिणीचा कुकर परत दे, पण आधी ह्याहून मोठा एक घेऊन ये. शेगडी आजपासून तुझी. संध्याकाळचं मी इथे बसून करीन. आणि तूही जे करशील ते इथे आणून बसायचं. आत उभं राहून ह्या घरात आता कुणी जेवायचं नाही."

ती बरं म्हणाली आणि पटकन आत गेली. नाक ओढल्याचा आवाज आला, तो मी ऐकला नाही असं धरलं. हे तोवर ताट घेऊन बसलेही होते. म्हणाले, बोलणं मागाहून, आधी वाढ.