तिसरा सरेपर्यंत

"अंजनाताई, आजबी सुया तुमीच द्या की," प्रियदर्शनी दाराशीच उभी राहून म्हणाली.

मी शिशाच्या डब्यातून सिरिंज काढत होते. सांगलीतल्या या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात आम्ही दोघी नर्स. हाडांच्या स्कॅनसाठी किरणोत्सारी औषध टोचायचं आणि झटकन लांब व्हायचं, हे आमचं काम. आठवडाभर ही बया ते माझ्यावर ढकलत होती.

"का? हाताला मेंदी लागलीया व्हय?"

"लय मळमळतंय."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजायचं ते समजले. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोनदा राहून गेलेलं.

"कितवा म्हैना?"

"दुसरा. आत्ती म्हणल्या, तिसरा सरल्याबिगर बोलायचं न्हाई. मागल्या येळंला सगळ्या कुंडल गावात कळलं आन् नजर लागली."

माझा पारा चढला. "अगं शहाणे, कळलं त्याच दिवशी हितं सांगायचं असतंय! धोका थोडाच, पण पोटातल्या जिवाला तेवढा तरी कशाला? नजरंला भितीस आन् किरणांस्नी न्हाई?"

ती रडायलाच लागली. "आत्तींचा शब्द मोडला आन् ह्येबी गेलं तर?"

ते पोर मलाही तिच्याइतकंच हवं होतं.

तिच्या फोनवरून मी या आत्तींना, म्हणजे तिच्या सासूबाई हरणाबाईंना, सगळं समजावलं. पलीकडून फोन बंद.

"झालं! भडकल्या," प्रियदर्शनी म्हणाली.

दुपारी हरणाबाई एसटीनं थेट हजर. पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि डॉक्टर, शिपाई, बाकांवरचे नातेवाईक, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माज्या सुनंला दिवस गेल्यात. समद्यास्नी सांगून मोकळी झाले. आता तिला त्या औषिदापाशी धाडू नगा."

डॉक्टरांनी लगेच प्रियदर्शनीला नोंदणीच्या टेबलावर बसवलं. मला तर हरणाबाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

सुई घेतली की पेशंटच्या अंगातूनही किरणं निघतात, म्हणून ते काचेपलीकडच्या खोलीत बसतात. तिथं आष्ट्याच्या अर्जुनाबाई होत्या. ही बातमी ऐकून त्या हात पसरून बाहेरच निघाल्या.

"मावशी, लांबनंच!" मी ओरडले.

त्या थबकल्या. मग काचेआडूनच प्रियदर्शनीवरून हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

हरणाबाईंनी हळूच मला विचारलं, "काचंतनं लागू पडंल न्हवं?"

"न पडायला काय झालंय?" मी म्हणाले.