गुळाचा खडा

मित्रांनो, मी एक जुना, तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे. लातूरच्या एका लग्नात आहेर म्हणून आलो, पोरांच्या शाळा केल्या आणि पोरे परगावी गेल्यावर माळ्यावर पडलो. रूप यथातथाच, पण झाकण अजून घट्ट बसते. म्हातारपणी एवढे पुष्कळ झाले.

मग बचत गटाच्या बायकांनी मला मागून नेले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्या घरपोच जेवण देतात. त्यांच्यातली सुकन्या स्कुटीवरून निघते, भरलेला डबा दाराच्या कडीला अडकवते, कालचा रिकामा घेते आणि पुढचे दार गाठते. अन्न गार होऊ नये म्हणून तिची सगळी घाई.

माझ्या वाट्याला पंचफुलाबाई आल्या. लेक हैदराबादला. त्याच्याकडे जायला त्यांचे मन घेत नाही. स्वतःचा उंबरा तो स्वतःचा. भांडे रिकामे परत देऊ नये, ही त्यांची रीत. म्हणून वरच्या पुडात रोज गुळाचा खडा ठेवायच्या. सुकन्या तो वाटेत तोंडात टाकायची, पण बाईंना हे कुठे ठाऊक? दिवसभर त्या माझ्याशीच बोलायच्या. मी डबा, मी काय हुंकार देणार! फार वाईट वाटायचे.

मागच्या महिन्यात शेजारचे भगवानराव वारले. तेही एकटेच. दोन दिवस कोणाला पत्ताच नव्हता. बाईंनी धसका घेतला. एका सकाळी त्यांनी मला घासले, गुळाची बरणी उघडली आणि तशीच बंद केली. मला रिकामाच कडीला लावले.

सुकन्याने चौकात माझे झाकण काढले, तर वरचा पूड रिकामा. तिने स्कुटी वळवली, दार वाजवले.

"मावशी, बरं हाय ना? आज खडा कसा न्हाई?"

दार उघडले. बाईंनी डोळ्यांना पदर लावला होता.

"गूळ हाय माय. म्याच टाकला न्हाई. म्हणलं बघावं, मी नसले तर कुणाच्या ध्यानात येतंय का."

सुकन्या उंबऱ्यावरच बसली. मग सुकन्याने हात पुढे केला.

"द्या आता. त्याच्याबिगर गोड लागत न्हाई मला."

मित्रांनो, कोणाच्या दारी डबा न्याल, तर कडीला अडकवण्याआधी एक हाक मारा. सुकन्या आता प्रत्येक दारी हाक मारते, घडीभर टेकते. त्यामुळे जेवण सगळीकडे उशिरा पोचते, भाकरीही गार होते. अजून एकाही म्हाताऱ्याने तक्रार केलेली नाही.