जमारी टॉवेल कुठे टाकतो

ड्रायरचं दार उघडून वर्नाने गरम टॉवेलांचा ढीग पुढ्यात ओढला, तेवढ्यात किप लॅसिटर आला आणि तिच्या घड्या घालायच्या टेबलावर चढून बसला.

"उतर खाली," वर्ना म्हणाली.

किप उतरला. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची प्रसिद्धी हा माणूस बघत असे. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची त्याला खोड होती. वर्नाच्या खांद्यावर मात्र त्याने आजवर हात ठेवला नव्हता.

"मिस वर्ना, तीन वाजता एक माणूस येतोय. ओस्टरमन नाव. वरच्या लीगमधल्या एका संघासाठी पोरं हेरतो. त्याला तुम्हाला भेटायचंय."

"मला? मी काय बास्केट मारते?"

"जमारीबद्दल विचारेल. हे लोक आता कोचला विचारतच नाहीत. बस ड्रायव्हरला विचारतात, कँटीनवालीला विचारतात, कपडे धुणाऱ्या... म्हणजे तुम्हाला. तिथे खरं कळतं म्हणे."

"मग खरं सांगते."

किप हसला, पण चेहरा काही हसला नाही. "सोन्यासारखा मुलगा आहे, एवढंच म्हणा. नवी पोरं निवडायच्या पाळीत यांच्या संघाचा नंबर अठरावा आहे. यांनी सोडलं तर पहिल्या फेरीत त्याला दुसरं कोणी उचलणार नाही, आणि मग गेलंच सगळं. आणि उंची विचारली तर म्हणा, माहितीपत्रक बघा."

जमारी पेटवे पहिल्या वर्षी आला तेव्हा सहा फूट साडेपाच इंच होता, आणि आजही तेवढाच होता. माहितीपत्रकात मात्र तो पहिल्या वर्षी सहा-सहा होता, दुसऱ्या वर्षी सहा-सात आणि यंदा सहा-आठ. किपच्या हाताला गुणच तसा होता. त्याने पाणी घातलं की पोरं कागदावर वाढायची. संघाच्या चड्ड्यांसाठी उंचीसकट सगळी मापं वर्ना घेत असल्यामुळे तिला खरे आकडे ठाऊक होते, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच नको होते.

केंटकीतल्या या कॉलेजच्या जिमखाली, तळघरातल्या खोलीत तिची एकतीस वर्षं गेली होती. दोन मशीन, दोन ड्रायर, दाराआड ओळीने उभ्या कपड्यांच्या टोपल्या. एकदा कुणीतरी मदत म्हणून पांढऱ्या कपड्यांत लाल मोजा टाकला होता आणि अख्खा संघ गुलाबी जर्सीत खेळला होता. तेव्हापासून तिच्या टोपल्यांना कुणी हात लावलेला तिला खपत नसे. कोचची बायको एकदा घड्या घालायला बसली, तर वर्नाने तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला होता.

वर गावात तर नुसता ऊत आला होता. बेकरीवाल्याने केकवर जमारीचा चेहरा काढला होता आणि लोक पैसे देऊन त्याचं नाक खात होते. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रार्थनेत त्याच्या गुडघ्यांचा उल्लेख केला. इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्याला पास केलं आणि पेपरवर सही मागितली. या शहाण्यासुरत्या माणसांना वीस वर्षांच्या पोरापुढे लोटांगण घालताना बघून वर्नाला त्यांची किळस यायची. आणि त्याहून जास्त त्या पोराची, कारण तो ते सगळं मुकाट्याने करू द्यायचा.

शिवाय टॉवेल. सराव संपला की जमारी खाली यायचा, तोंड पुसायचा आणि टॉवेल हातातून सोडून द्यायचा. फेकायचासुद्धा नाही. फेकायला निदान इकडेतिकडे बघावं तरी लागतं. टोपल्या तिथून सहा पावलांवर होत्या. त्याचं बघून बाकीचेही तेच करू लागले. तीन वर्षं वर्ना वाकून ते टॉवेल उचलत आली होती, आणि दर वेळी वाकताना मनात म्हणायची, लाटसाहेब.

आज सकाळी लाटसाहेब चॉकलेटचा डबा घेऊन आले होते.

"एजंट म्हणाला तुम्हाला द्यायला," जमारी म्हणाला होता, आणि डबा मशीनवर ठेवून निघून गेला होता. खोटं बोलायचीसुद्धा त्याने तसदी घेतली नव्हती. डबा अजून तिथेच होता, मशीन फिरेल तसा थरथरत.

ओस्टरमन तीनच्या ठोक्याला आला. सत्तरीचा, गुडघ्यांनी अधू झालेला माणूस. त्याने जिन्याला शिव्या घातल्या, बसू का म्हणून विचारलं आणि साबणाच्या रिकाम्या खोक्यावर बसला. वर्नाला तो आवडला, आणि तो आवडला याचा तिला थोडा राग आला.

"उंची किती त्याची?"

"अनवाणी सहा फूट साडेपाच."

"वर मला सहा-आठ म्हणाले."

"वर सगळेच उंच असतात."

ओस्टरमन खोकला की हसला ते कळलं नाही. "उंची आम्ही मोजूच. मला दुसरं विचारायचंय. सराव झाल्यावर तो टॉवेल कुठे टाकतो?"

हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून वर्ना तीन वर्षं वाट बघत होती. तिने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली.

"जमिनीवर," ती म्हणाली.

"आणि उचल म्हटलं तर?"

"म्हणजे?"

"हे बघा, जमिनीवर तर निम्मी पोरं टाकतात. त्याचं मला काही नाही. तिकडे गेल्यावर याला सांगणारी वीस माणसं असतील. असा उभा राहा, हे खाऊ नको, डावीकडून जा. सांगितलेलं ऐकलं तर दहा वर्षं टिकेल, नाहीतर दोन वर्षांत घरी. यादीत दोन नावं उरलीत माझ्या, दोघंही सारखीच उडी मारतात. म्हणून विचारतो. तुम्ही सांगितल्यावर उचलतो का?"

"मी सांगितलं नाही कधी."

"तीन वर्षांत?"

"नाही."

"मग दुसऱ्या कुणी सांगितलं असेल."

वर्ना हसली. "इथे? इथे त्याला कोण काय सांगणार?"

ओस्टरमनने तिच्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत तिच्याबद्दल काही फार आदर नव्हता. मग वहीत काहीही न लिहिता तो गुडघे दाबत उठला.

"पाच वाजता मला एक नाव कळवायचंय. तोवर वर कोचच्या खोलीत आहे मी. काही आठवलं तर फोन करा."

तो गेल्यावर वर्नाने तीन घड्या चुकवल्या. लोक त्याला डोक्यावर घेतात म्हणून आपण नावं ठेवली, आणि आपण काय केलं? एक शब्द बोललो नाही. रोज वाकून आपला राग तेवढा गोळा केला, लोणच्यासारखा मुरवला. हे तिला आवडलं नाही. मग तिने स्वतःला समजावलं की असल्या पोराला सांगून उपयोग नसतो.

साडेचारला जमारी खाली आला, घामाने निथळत. तोंड पुसलं. संघाचा लाल टॉवेल त्याच्या हातातून सुटला आणि टेबलाशेजारी पडला.

"जमारी," वर्ना म्हणाली. "तो उचल."

तो थांबला. आधी टॉवेलकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"काय?"

"टॉवेल. उचल तो."

आता चिडेल, हसेल, नाहीतर एजंटला फोन लावेल, असं तिला वाटलं. यातलं काही झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. जमारी वाकला, टॉवेल उचलला, आणि हातात धरून उभा राहिला.

"टाकू कुठे?"

"दाराआड टोपल्या आहेत. तीन वर्षांत दिसल्या नाहीत तुला?"

"दिसल्या ना. पण तुम्ही चालेल म्हणालात तरच टाकीन." तो जरा घुटमळला. "मिस वर्ना, माझं काही चुकलं का? आज एकदम उचल म्हणालात."

"एकदम? तीन वर्षं मी तुझे टॉवेल उचलतेय."

"पण तुम्हीच सांगितलं होतं ना."

"मी?"

"पहिल्या दिवशी. मी माझा उचलला होता, दुसऱ्यांचेपण दोन-तीन उचलले होते. तुम्ही केवढ्या ओरडलात! 'ठेव तिथेच. इथलं काम माझं, तुझं काम वर कोर्टावर.' मी घाबरून आईला फोन केला. ती म्हणाली, त्या बाईचं ऐक, तिच्या कामात लुडबुड करू नकोस." तो ओशाळून हसला. "नंतर मी हातच नाही लावला."

वर्नाला तो दिवस आठवेना. वाक्य मात्र आठवलं, शब्दन् शब्द. दर ऑगस्टमध्ये नवी पोरं आली की ती ते दारात उभी राहून म्हणायची, आणि म्हणून झाल्यावर तिला स्वतःचा अभिमान वाटायचा.

जमारीने टॉवेल टोपलीत टाकला. "चॉकलेटं खाल्ली नाहीत तुम्ही?"

"खाईन."

तो गेला. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. वर्नाने हात पुसले, फोन उचलला आणि वरच्या खोलीचा नंबर फिरवला.

"ओस्टरमन."

"सांगितलेलं ऐकतो तो," वर्ना म्हणाली.

"कशावरून म्हणता?"

आत्ताच एक टॉवेल उचलला माझ्या सांगण्यावरून, एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. तिच्या तोंडाशी आलंही होतं.

"पहिल्या दिवशी मीच त्याला बजावलं होतं, टॉवेल उचलायचा नाही म्हणून," ती म्हणाली. "तीन वर्षं उचलला नाही त्याने."

पलीकडे पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

"आणि तीन वर्षं दोष मात्र तुम्ही त्यालाच—"

"हो," वर्ना म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग ती दाराआड गेली. जमारीचा लाल टॉवेल पांढऱ्या कपड्यांच्या टोपलीत पडला होता. तिने वाकून तो काढला आणि शेजारच्या टोपलीत टाकला. या वेळी वाकताना तिच्या मनात कुठलाच शब्द आला नाही.